विरी गेलेलं पीठ

आजकालच्या कॉम्प्युटर गेममध्ये माणसाच्या मिशीचा एकेक केस वाऱ्यावर हलतो. कपाळावरचा घाम कुठल्या सुरकुतीतून खाली उतरावा हे ठरवायला वेगळा माणूस पगारावर ठेवलेला असतो. आणि हाच मिशीवाला गडी भूक लागली की शेतातलं कणीस मोडतो, जाळावर धरतो, आणि पापणी लवायच्या आत त्याच्या हातात फुगलेला, तांबूस, वरून तिरप्या चिरा दिलेला पाव येतो. कणीस असतं ज्वारीचं. याला ही मंडळी वास्तव म्हणतात, आणि वर त्याची जाहिरातही करतात.

मी गेममधलं खाणं तयार करतो. पडद्यावर दिसणारा पाव, भाकरी, पीठ, मीठ, तेल, आंबवण, हे माझं काम. लग्नाकार्यात ओळख करून द्यायची वेळ आली की माझे साडू ‘हे कॉम्प्युटरवर भाकऱ्या काढतात’ असं सांगतात, आणि ऐकणारा माझ्याकडे नुकतीच नोकरी गेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो. मी खुलासा करत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारणाऱ्या साडूंना कुणी खुलासा मागत नाही, मग मीच का द्यावा?

इथं मात्र देतो, कारण वाचणाऱ्याला तो हवा. जगण्याचे गेम म्हणून एक प्रकार असतो. तुम्हाला एका ओसाड मुलखात नुसतं सोडून देतात. तहान लागते, भूक लागते, थंडी वाजते. पाणी शोधा, सरपण गोळा करा, पेरा, दळा, शिजवा, साठवा. वाघ, लांडगे, बंदुका हे सगळं सजावटीचं असतं. खरा शत्रू पोट. त्यामुळे अशा गेममध्ये खाणं चुकलं की बाकी सगळं चुकतं. मिशीचा केस हलला काय आणि नाही हलला काय.

एक पाव बनवायचा म्हणजे आधी त्याचा आकार, मग त्याची कातडी, मग उजेड पडल्यावर तो कुठं चमकेल आणि कुठं नाही ते. मग मोडल्याचा आवाज, पिशवीतलं वजन, पोट किती भरेल ते. आणि सगळ्यात शेवटी, जे कुणालाच करायचं नसतं ते: तो किती दिवस टिकेल. पाव खराब होतो हे एक वेळ लोकांना पटतं. पीठ खराब होतं हे सांगितलं की मीटिंगमध्ये सगळे आपापले फोन बघायला लागतात.

ज्वारी खाणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही, पण हा अंक पुण्या-मुंबईतही जातो म्हणून सांगतो. गव्हाच्या कणकेला ताण असतो, ती ओढली तर लांबते. ज्वारीच्या पिठाला तसा ताण नाही. ताज्या दळलेल्या पिठाला स्वतःला धरून ठेवायची एक ताकद असते, तिला विरी म्हणतात. पीठ जुनं झालं की विरी जाते. मग भाकरी थापताना कडेला चिरते, उचलताना मोडते, आणि शेवटी काठवटीतच तिचे तुकडे होतात. पीठ दिसायला तसंच पांढरं, डबा भरलेला, आणि भाकरी होत नाही.

ही एक गोष्ट गेममध्ये राहते की जाते, यावर माझी खुर्ची पणाला लागली होती. त्याचीच ही हकीकत.

वडील मार्केट यार्डात हमाल होते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी लपवत नाही आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पदवी घेतल्यावर जुळे सोलापुरात बिल्डरांसाठी फ्लॅटची चित्रं करायला लागलो. इमारत उभी राहायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायची असतात ती. त्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेच्या भांड्यात हिरवी सफरचंदं ठेवायची, असा दंडक होता. सोलापुरातल्या कुठल्या घरात ओट्यावर हिरवी सफरचंदं असतात ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. एकदा मी सफरचंदांच्या जागी कांद्याची टोपली आणि शेंगाचटणीची बरणी ठेवली. बिल्डर म्हणाला, “अहो, लोकांना घर विकायचंय, खानावळ नाही.” पण ती बरणी पुण्यातल्या एका गेम कंपनीच्या नजरेस पडली आणि त्यांनी मला बोलावलं. त्या बरणीतलं तेल खरं दिसत होतं म्हणे. दिसणारच. मी ते बघत वाढलोय.

कंपनीचा प्रमुख निनाद. माझ्याहून बराच लहान. “सर म्हणू नका, नुसतं निनाद म्हणा,” असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला. मी सरच म्हणतो. वयानं लहान माणसाला सर म्हटलं की त्याला पाठ ताठ ठेवून बसावं लागतं. तो मला दादा म्हणतो. घरून काम करायची मुभा मिळाली, म्हणून मी सोलापूर सोडलं नाही. गरज पडली की गाडीनं पुण्याला जायचं, बाकी पडद्यावर तोंडं बघायची.

गेम कोरड्या पठारावरचा होता. पैसा घालणारी मंडळी परदेशातली, पण पठार आपल्यासारखं हवं होतं, कारण म्हणे थंड जंगलांना लोक कंटाळले. पठार आपल्यासारखं, ज्वारी आपल्यासारखी, आणि पाव मात्र त्यांच्या आजीच्या घरचा. मी पहिल्याच बैठकीत म्हणालो, “एक तर पीक बदला, नाही तर ताट बदला.” निनाद सर म्हणाले, “दादा, ब्रेड म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काहीतरी येतं.” म्हटलं, “लोकांच्या म्हणजे कुणाच्या?” त्यावर त्यांनी दुसरा विषय काढला. शेवटी ठरलं असं, की नदीकाठी गहू मिळेल, त्याचा पाव होईल. पठारावर ज्वारी, तिची भाकरी. तेवढंही मिळवायला पुष्कळ घसा कोरडा करावा लागला.

तर पाव. खरी वस्तू गेममध्ये आणायची एक रीत असते. वस्तू फिरत्या पाटावर ठेवायची, मंद उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, आणि कॉम्प्युटर ते फोटो जोडून तिचा आकार उभा करतो. मी काळं कापड, दिवे आणि पाट घेऊन रफीकभाईंच्या बेकरीत गेलो. त्यांच्या भट्टीच्या पावाला मनासारखी कातडी येते. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि शटरवर हात ठेवला.

“कौन से डिपारमेंट से आए?”

“डिपार्टमेंट नाही हो. गेमसाठी. पोरं मोबाइलवर खेळतात तसला.”

“फोटो नक्को जी. पिछले टाइम एक साब आए थे, वो भी ऐसाइच हस-हस के बात करे. बाद में नोटिस आई.”

मी त्यांना मोबाइलवर गेम दाखवला. दाढीवाला माणूस शेकोटीपाशी बसून पाव खातोय. रफीकभाईंनी तो दोनदा बघितला.

“हमारा पाव इस के हाथ में आएंगा?”

“येईल की.”

“दुकान का नाम?”

“नाव नाही येणार.”

“फिर काइकु?” असं म्हणाले खरे, पण चहा मागवला आणि परवानगीही दिली. मी दिवे लावेपर्यंत त्यांनी मागच्या मागं सगळ्या पावांना तेलाचा हात फिरवला होता. फोटो के वास्ते चकाचक होना ना, असं त्यांचं म्हणणं. चकाकणारी वस्तू कॉम्प्युटरला कळत नाही. प्रत्येक फोटोत चमक वेगळ्या जागी, त्यामुळे तो गोंधळतो. घरी येऊन फोटो जोडले तर पडद्यावर पावाऐवजी वितळलेल्या चपलेसारखं काहीतरी आलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी प्रत्येक पावावर एक लाल चेरी खोचून ठेवली होती. तिसऱ्यांदा मी न सांगता गेलो, साधे गिऱ्हाइकासारखे पाव विकत घेतले आणि घरी फोटो काढले. रफीकभाई अजून विचारतात, पिच्चर कब आ रई. मी म्हणतो, काम चाललंय.

भाकरीचं काम त्याहून अवघड. ताजी भाकरी फोटोला बसत नाही. वाफ निघते, पापुद्रा खाली बसतो, पाट फिरेपर्यंत तिचा चेहरा बदलतो. म्हणून मी कडक भाकरीकडं वळलो. आपल्याकडची कडक भाकरी बाहेरगावच्या माणसाला पापडासारखी वाटते. पातळ थापलेली, भाजून मग विस्तवाच्या कडेला पार वाळवलेली. कोरडी ठेवली तर महिनोन्महिने टिकते, आमटीत चुरली की पुन्हा जेवण. जगण्याच्या गेमसाठी याच्याइतकी चोख वस्तू दुसरी नाही, आणि ती जगभरच्या कुठल्याच गेममध्ये नव्हती. तिथं माणसं खंदकात बसून मऊ पाव खात होती.

कडक भाकऱ्यांसाठी मी महानंदाक्कांकडे जायचो. अक्का मूळच्या अक्कलकोटच्या, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी, आणि धंद्याला पक्क्या. मला विरीचा हिशेब हवा होता. एकदा त्यांना विचारलं, “अक्का, पिठाची विरी गेली हे कधी कळतं?”

“हाताला कळतंय की.”

“म्हणजे दळल्यापासून किती दिवसांनी?”

“ते पिठाला इचार.”

“उन्हाळ्यात लवकर जाते का पावसाळ्यात?”

“तू भाकरी घ्यायला आलाय का परीक्षा घ्यायला? होगप्पा, जा आता, गिराईक खोळंबलंय माझं.” आणि मग मी पैसे काढत असताना, जरा दया येऊन, “दिष्ट लागली तरी विरी जातीय. डब्यात मिरची टाकून ठेव.”

हाताला कळतं, हे उत्तर ऐकायला फार छान. शहरातली माणसं असं काही ऐकलं की डोळे मिटून मान डोलावतात, घरी जाऊन त्यावर लिहितात. पण कॉम्प्युटरला हात नसतो, आणि त्याला दृष्टही लागत नाही. त्याला आकडा लागतो. तो आकडा अक्कांपाशी नव्हता, पुण्यात नव्हता आणि इंटरनेटवर तर त्याचा मागमूसही नव्हता. तो मला माझा काढावा लागला.

मार्केट यार्डातून मालदांडी ज्वारी आणली, एकदम दळून डबे भरले. एक डबा ओट्याखाली, एक गॅलरीत उन्हाच्या बाजूला, एक मोरीजवळ ओलसर जागेत. दर थोड्या दिवसांनी प्रत्येक डब्यातल्या पिठाची एकेक भाकरी मी स्वतः थापायची आणि चिरांचे फोटो काढायचे. थापायला आधी शिकावं लागलं. पहिले कित्येक दिवस विरी पिठाची नाही, माझीच गेलेली होती. पुढं हात बसला. मोरीजवळच्या पिठानं आधी मान टाकली. गॅलरीतलं कडवट झालं. उकळतं पाणी घातलं तर जुनं पीठही आणखी काही दिवस ऐकतं, मग मात्र तेही नाही. हे सगळं मी आकड्यांत बसवलं. माझी बायको सुनीता, शाळेत शिकवते, ती त्या काळात रोज भाकरीचे तुकडे डब्यात नेत होती. एक दिवस म्हणाली, “तुमच्या कंपनीला सांगा, खेळणारी माणसं शोधू नका. आम्ही या घरात तोच गेम खेळतोय.”

पुण्याला पाठवलेल्या कामाचं तिथं काय झालं तेही ऐका. पाककृती घालणाऱ्या पोरानं ज्वारीच्या पिठात यीस्ट घातलं. का? तर पावाच्या पाककृतीत आहे, इथं राहून गेलं असेल, म्हणून त्यानं आपणहून दुरुस्त केलं. भाकरी पडद्यावर तासभर फुगत बसली आणि शेवटी नायकाच्या डोक्याएवढी झाली. आवाज टाकणाऱ्यानं कडक भाकरी मोडल्याला वाळकी काडी मोडल्याचा आवाज लावला. आणि भाकरीच्या कडेला थापताना उठलेली बोटं मी मोठ्या निगुतीनं आणली होती, त्यावर चूक म्हणून तक्रार नोंदली गेली: पृष्ठभागावर बोटांच्या खुणा दिसतात, काढाव्यात. मी लिहिलं, ही चूक नाही, भाकरी हातानं थापतात. त्यांनी तक्रार पुन्हा उघडली. मी पुन्हा बंद केली. असं चालू राहिलं, आणि शेवटी परदेशातून निरोप आला की वस्तू वापरलेली दिसते, स्वच्छ करा. ते भांडण मी हरलो. आज त्या गेममधली भाकरी स्टीलच्या ताटलीसारखी गुळगुळीत आहे, आणि परदेशी भाषांत तिचं नाव ‘कोरडी चपटी पोळी’ अशा अर्थाचं काहीतरी आहे. त्याची हळहळ मला अजून आहे. ती बोटं बसवायला मी फार जीव टाकला होता.

पण विरी मी सोडणार नव्हतो. विरी म्हणजे नुसता दिखावा नव्हता. ती असली तरच माणूस दाणे जपून ठेवतो, लागेल तेवढंच दळतो, आणि पठार ओलांडायच्या आधी भाकऱ्या वाळवून घेतो. ती नसली तर पोतंभर पीठ करून बसा निवांत.

निनाद सरांना ती नको होती. “दादा, प्लेअरला फन पाहिजे. घरी बायको ओरडते ते पुरेसं आहे, वरून पीठ कशाला ओरडायला पाहिजे?” सगळे हसले. मग सर गंभीर झाले आणि स्पष्ट बोलले. बाहेरची खेळणारी माणसं बोलावून चाचणी घ्यायची. त्यांना पीठ जाचक वाटलं तर विरी काढायची, खाण्याचे तयार नमुने बाजारातून विकत घ्यायचे, आणि खाण्यासाठी स्वतंत्र माणूस ठेवायचा नाही. म्हणजे मला नाही. मी म्हणालो, “चालेल.” दुसरं काय म्हणणार होतो? सफरचंदांकडं परत जायचं नव्हतं एवढं मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

चाचणीला मी पुण्याला गेलो. बऱ्याच पोरांनी खेळून बघितलं आणि गोडगोड बोलून गेली. असल्या बोलण्याचा कुणालाच उपयोग नसतो. मग सौरभ नावाचा मुलगा बसला. कुर्डुवाडीचा, वडील रेल्वेच्या कारखान्यात, हा पुण्यात शिकायला. हातात कंट्रोलर घेतल्यापासून त्यानं ज्वारीचा सपाटा लावला. कापली, मळली, सगळीच्या सगळी दळली, पिठाची पोती रचली आणि ऐटीत पठारावर निघाला. अर्ध्या वाटेवर पोतं उघडलं. भाकरी मोडली. दुसरी मोडली.

“ओ सर, पीठ हाय की एवढं. पोतं भरून हाय. भाकरी का होईना?”

नियम असा की खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही. त्याचा गडी पिठाच्या पोत्यावर डोकं टेकून उपाशी मेला. मागं उभे असलेले सगळे खदाखदा हसले. निनाद सर माझ्याकडं वळले आणि हात असे पसरले की झालं, संपलं.

मला त्या पोराचा राग आला हे खरं. ज्वारीच्या मुलखात जन्मलेला, भाकरीवर वाढलेला, आणि पीठ शिळं होतं हे त्याला माहीत नाही. पुण्याच्या पोरांना नावं ठेवून उपयोग नाही, आपलीही तशीच. सर म्हणाले, “थँक यू सौरभ, नाश्ता बाहेर ठेवलाय.”

तो उठेना.

“परत द्या एकदा. पिठानं मारलं मला. आसं कसं?”

दुसऱ्या खेपेला भाकरी मोडली तशी त्यानं खिशातून फोन काढला आणि सगळ्यांदेखत स्पीकरवर घरी लावला.

“आई, जवारीची भाकरी मोडत्या. काय करायचं?”

“कुटं मोडत्या? तू कदी भाकऱ्या करायला लागला?”

“गेममदी गं.”

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, “पीठ जुनं आसंल. ऊन पाणी घाल. जेवलास का तू?”

“जेवतो. ठेव.”

त्यानं उकळतं पाणी घातलं, भाकरी झाली, खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. पण पाणी उकळायला सरपण लागतं, आणि पठारावर झाडं नाहीत. दोन मुक्काम गेले आणि सरपण संपलं. गडी थंडीनं मेला. या खेपेला कुणी हसलं नाही. सौरभनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कुणाला न विचारता गेम पुन्हा सुरू केला.

यानंतर त्यानं आईला फोन केला नाही, आमच्याकडं बघितलंही नाही. ज्वारी दाण्यातच ठेवली. जात्यावर थोडी दळली, भाकऱ्या केल्या, आणि मग थांबून विस्तवाकडं बघत बसला. एक भाकरी त्यानं विस्तवाच्या कडेला ठेवून दिली. मुद्दाम की विसरून, मला अजून कळलेलं नाही. ती कडक झाली. त्यानं ती उचलली, तिच्यावर लिहून आलेलं वाचलं, की ही टिकते. “आयला,” एवढंच म्हणाला, आणि दाण्याचं पोतं संपेपर्यंत भाकऱ्या वाळवत सुटला.

पठार त्यानं ओलांडलं तेव्हा जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. बाहेरचा नाश्ता गार झालेला. निनाद सर त्याच्या खुर्चीमागं उभे होते, हातात न उघडलेला डबा. सौरभनं कंट्रोलर खाली ठेवला. कसं वाटलं, असं विचारल्यावर म्हणाला, “डोकं फिरवतंय. उद्या यीऊ का परत?”

सरांनी डब्याचं झाकण उघडलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “ठेवा.”

गोष्ट इथं संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. जिंकलेली माणसं लिहीत बसत नाहीत. गेम बाहेर आला आणि लोकांनी शिव्या घातल्या. मूर्ख गेम, पीठ कधी खराब होतं का, बनवणाऱ्यानं आयुष्यात कधी स्वयंपाक केलाय का. हे शेवटचं मी सुनीताला वाचून दाखवलं. तिनं तुकड्यांच्या डब्याची आठवण काढली. परदेशी मंडळींना शिव्या सहन होत नाहीत, त्यांना सगळीकडून गोड अभिप्राय लागतात. त्यांनी निनाद सरांना दम दिला, आणि एके सकाळी मला पडद्यावर दिसलं की विरी काढलेली आहे. माझ्याच कामातून, मला न विचारता. पीठ आता अमर झालं होतं.

फोनवर सर म्हणाले, “दादा, तुमचं काम बेस्टच होतं. पण लोकांचा विचार करावा लागतो. तुम्ही आता नव्या प्रोजेक्टवर या, तिथं घरांचे इंटिरिअर करायचेत.” मी विचारलं, “ओट्यावर काय ठेवायचं?” ते म्हणाले, “फळं वगैरे.” मी फोन ठेवला. भांडलो नाही. आणि राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवायला लागलो, कारण फळं मी पुन्हा ठेवणार नव्हतो.

पाठवला असता तो. पण पीठ अमर केल्यावर काय होतं ते बघायची खुमखुमी होती, म्हणून थांबलो.

झालं ते असं. लोकांनी नदीकाठी पोत्यांवर पोती पीठ रचलं आणि तिथंच घर बांधून बसले. कडक भाकरी कुणी करेना, कारण मऊ पीठ जन्मभर पुरतंय. भाकरी वाळवायची नाही तर पठाराकडं कोण जातो? दाणे जपायचे नाहीत तर पुन्हा पेरतो कोण? पठार, पडकी गावं, तळघरं, मिशीचे केस हलवणाऱ्यांनी मरमर करून उभं केलेलं सगळं तिकडं तसंच पडून. आणि मग शिव्यांची तऱ्हा बदलली. या गेममध्ये करायला काही नाही. पैसे परत द्या.

निनाद सरांचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. सुनीतानं उचलला आणि स्पीकरवर लावून ताटाशेजारी ठेवला.

“दादा, एक छोटी अडचण आहे.”

“बोला सर.”

“ते पिठाचं परत सुरू करता येईल का? म्हणजे ऑप्शन म्हणून. ज्यांना कठीण पाहिजे त्यांनी सुरू करावं, बाकीच्यांना बंद.”

“नाही.”

“टेक्निकली होत नाही का?”

“होतं. मी करणार नाही. सुरू असेल तर सगळ्यांना, पहिल्यापासून. नाही तर कुणालाच नाही, आणि फळं ठेवायला दुसरा माणूस बघा.”

पलीकडं कुणाशी तरी इंग्रजीतून कुजबुज झाली. मी आमटी वाढून घेतली. सुनीता माझ्याकडं बघत होती. नोकरी ताटाशेजारी ठेवलेल्या त्या फोनमध्ये होती हे तिलाही कळत होतं, पण तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली.

“आणि लोकांनी परत शिव्या घातल्या तर?” सरांनी विचारलं.

“घालू देत की सर. उपाशी माणूस शिव्या घालणारच. भरल्या पोटी कंटाळलेला माणूस निघून जातो. तुम्हाला कुठला पाहिजे ते ठरवा.”

पुन्हा कुजबुज. मग सर म्हणाले, “ओके दादा. तुमच्या पद्धतीनं. कधीपर्यंत होईल?”

“जेवण झालं की.”

हात धुतले, बसलो, विरी होती तशी परत घातली. बोटांच्या खुणांचंही त्याच वेळी बोलायला हवं होतं असं मागाहून वाटलं, पण तेव्हा ते सुचलं नाही, आणि असल्या वेळा फार येत नाहीत. निनाद सर आता मुलाखतींतून सांगतात की पिठाची कल्पना कंपनीच्या मूळ विचारातच होती. सांगू देत. खाण्यातलं काही बदलायचं असलं की मात्र फोन मला येतो, आणि मी बहुतेक वेळा नाही म्हणतो.

विरी परत घातली त्याच दिवशी उन्हं कलायच्या आतच पहिली तक्रार आली. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं की आपण पठारावर मध्यभागी आहोत, पोतं भरलेलं आहे, भाकरी होत नाही, आणि हे ज्यानं कुणी केलं त्याचं वाटोळं होवो. मी ती सुनीताला मोठ्यानं वाचून दाखवली, मग पुन्हा एकदा सावकाश वाचली, आणि तिला चहा ठेवायला सांगण्याऐवजी स्वतःच उठून ठेवला.